बीलियाबाईच्या गाण्याचे मथळे

२४ एप्रिल १९५७, बुधवार

डॉक्टर आले! तीन पेट्या, एक छत्री, आणि अंगावरचा कोट इतका पातळ की मी वरच्या खोलीत जास्तीची घोंगडी नेऊन टाकली. भाडेकरू म्हणून बरे दिसतात. ओरेस्ते दुकानाला कडी लावून धावत घरी आला — गुडघा दाखवायला.

“अरे, औषधांचे डॉक्टर नाहीत ते,” मी म्हटलं, “पुस्तकांचे.”

“मग गुडघा काय पुस्तकात घालू?”

माझा नवरा न्हावी. कात्री थांबते, तोंड थांबत नाही.

नाव रुज्जेरो तान्झीनी, पादोवाकडचे. पहिला घास घेतला आणि म्हणाले, “सिन्योरा, पावात मीठ घालायला विसरलात का?” घ्या! इकडे पावात मीठ घालत नाहीत, एवढं विद्यापीठात शिकवत नाहीत वाटतं.

जूनअखेरपर्यंत राहणार. इथल्या नगरपालिकेच्या दप्तरखान्यात सहाशे वर्षांपूर्वीची एक वही आहे. बीलिया नावाच्या बाईची, याच गावातल्या लोकर-व्यापाऱ्याच्या बायकोची. वहीत घरातल्या नोंदी आहेत आणि मधे मधे गाणी. ती त्यांना छापायची आहेत.

मी म्हटलं, “बीलियाबाई? मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही जिचं गाणं गातो, ती?”

त्यांचा चमचा खाली. “तुम्ही गाता? अजून?”

मग काय, सूप ढवळता ढवळता गाऊन दाखवलं —

*टेकडीपल्याड गेलास राजा,*
*इथे उरली उशी,*
*दुसरीच्या कुशीत निजलास तू,*
*मी रे निजू कशी?*

*पोवळं बांधलं गळ्यात तुझ्या,*
*तेवढं सोडू नको,*
*ओळख माझी विसर राजा,*
*वास विसरू नको.*

आमची चाल उड्या मारत जाते. पोरं टाळ्या वाजवतात, म्हाताऱ्या पाय आपटतात. डॉक्टर मात्र कपाळाला आठ्या घालून बसले. म्हणाले, शब्द इतके दुःखी आणि चाल अशी कशी? मागाहून कुणीतरी चिकटवली असणार. मी म्हटलं, असेल चिकटवलेली, पण आईनं अशीच शिकवली.

ही नवी वही आजपासून. नेहमीप्रमाणे पुढून रोजनिशी आणि उलटी करून मागून घरातलं टिपण. दोन्ही लिहिणी मधे भेटली की वही संपली. एक पान वाया जात नाही.

२६ एप्रिल

डॉक्टर कॉफीत साखर दोन चमचे घेतात. तिसरा नजर चुकवून. माझी नजर चुकत नाही.

२८ एप्रिल, रविवार

डॉक्टर चर्चमध्ये मिस्सेला आले! आणि मिस्सा झाल्यावर फादर सिल्वानोंना एक पुस्तक भेट दिलं — बीलियाबाईच्या गाण्यांचं, जुनं छापलेलं, पाठीला कातडं. डॉक्टरांच्या मोठ्या प्रोफेसरांनी छापलंय म्हणे. फादर नवे आहेत, शरद ऋतूतच आले, वय जेमतेम एकोणतीस. कालच ओरेस्तेनं त्यांचे केस इतके बारीक केलेत की कान दोन बाजूंना दरवाजासारखे उघडे. आनंदानं लाल झाले होते.

सगळं गाव बघत होतं. मला उगीचच मान ताठ झाल्यासारखं वाटलं. भाडेकरू कुणाचा?

१ मे

सकाळी ओरेस्ते लाल रुमाल बांधून त्याच्या सभेला, मी निळी फीत लावून मरियामाउलीच्या वेदीकडे. चौकात समोरासमोर आलो. म्हणतो, “बाई, आपली कुठंतरी ओळख आहे का हो?”

आज माउलीचा महिना सुरू. तीस दिवस राहिले गाण्याला.

३ मे, शुक्रवार

पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. रागानं.

जपमाळ संपल्यावर फादरनी थांबवून घेतलं. कान आधीच लाल. “सिन्योरा एर्सिलिया, यंदा एकतीस तारखेला बीलियाचं गाणं नको.”

“नको म्हणजे?”

“चर्चमध्ये नको. मिरवणुकीतही नको.” आणि तेच भेट आलेलं पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. आमच्याच गाण्याच्या डोक्यावर जाड ठशात — ‘परत न आलेल्या प्रियकरास’! खाली बारीक अक्षरात टिपा. उशी म्हणजे काय, ते मी इथे लिहिणार नाही. दुसरी म्हणजे बाईची सवत. पोवळं म्हणजे प्रेमाची खूण.

मी पिशवीतून आमची प्रार्थनेची पुस्तिका काढली. तेच गाणं, शब्द न् शब्द तोच. डोक्यावर — ‘बाळ येशूस’. खाली टीप: गाणारा तो आपला आत्मा, दुसरी म्हणजे पवित्र मरिया, पोवळं म्हणजे ख्रिस्ताचं रक्त. १८८४ साली इथल्याच फादर जेल्सोमिनोंनी छापलेली.

“पण त्यांना हे कुठून कळलं?” फादर म्हणाले.

“आणि तुमच्या पुस्तकवाल्यांना?”

“ते प्रोफेसर आहेत, सिन्योरा.”

“हे फादर होते, फादर.”

त्यांनी पुस्तक मिटलं. पण नाही ते नाहीच. माउलीपुढे प्रियकराचं गाणं त्यांना चालायचं नाही. तसं त्यांचंही खोटं नाही. मला तरी कुठं चाललं असतं?

चव्वेचाळीस वर्षं गातेय मी. आठव्या वर्षापासून. आधी आई पुढे असायची, ती गेल्यावर तिच्या जागी मी. पहिली ओळ मी एकटी उचलते, मग बाकीच्या बायका. एकतीस तारखेला काय तोंड मिटून चालू?

४ मे

डॉक्टरांना आज सूप वाढलं ते ताट आपटून. “तुमच्या भेटवस्तूनं आमचं गाणं खाल्लं!”

सगळं ऐकून घेतलं आणि बिचाऱ्यांचा घास तिथेच राहिला. “सिन्योरा, मी तर चांगल्या मनानं...”

“ते राहू दे. खरं सांगा, बीलियाबाईनं स्वतः वर काय लिहिलंय? प्रियकर की बाळ येशू?”

“काहीच नाही.”

“काहीच नाही म्हणजे?”

“वर काहीच नाही. कोरी जागा. मथळा तिनं दिलेलाच नाही. प्रियकर आमच्या प्रोफेसरांचा. बाळ येशू तुमच्या फादरांचा.”

ओरेस्ते पाव बुडवत म्हणाला, “म्हणजे टोपी दुसऱ्यांनीच घातली. आणि भांडणं डोक्यावरून.”

हसू आलं, पण आत काहीतरी हललं. इतकी वर्षं हे गाणं गाताना माझ्या डोळ्यांपुढे वेदीवरच्या चित्रातला बाळ येशू असतो — गळ्यात लालबुंद पोवळं, एक पाय माउलीच्या हातात. म्हणजे तो मला १८८४ सालच्या मथळ्यानं दाखवला होता?

६ मे

कहर! आज जपमाळेच्या वेळी मनात गाणं आलं आणि बाळ येशूच्या जागी मिशावाला प्रियकर. हुबेहूब आपला स्टेशनमास्तर! तीनदा मणी चुकले. एका मथळ्यानं काय करून ठेवलं माझं. माउली, क्षमा कर.

७ मे

शेजारच्या आर्जियाला सांगितलं. वाटलं, हबकेल. तर बाई खूष!

“अगं, प्रियकर होता? आधी नाही सांगायचं! पन्नास वर्षं मी ते पाळण्यासारखं गात आले.”

“आर्जिया, लाज बाळग.”

“लाज कसली? दुसरीच्या कुशीत गेला मेला, आणि ही म्हणते वास विसरू नको. मी असते तर उशी फेकून मारली असती.”

आता ती अंगणात कपडे वाळत घालताना तेच गाते, आणि डोळे मिचकावते. शब्द तेच. ऐकवत नाही!

११ मे, शनिवार

डॉक्टरांना माणूस हवा होता. छापखान्यातून नव्या पुस्तकाची कच्ची पानं आलीत. ती तपासायची रीत अशी: एकानं मूळ वहीतलं मोठ्यानं वाचायचं, स्वल्पविराम, पूर्णविरामासकट. दुसऱ्यानं छापलेल्यावर पेन्सिल ठेवून मागं मागं यायचं. विद्यापीठानं मदतनीस काही दिला नाही.

मी म्हटलं, “मी मॅट्रिक आहे. डोळे शाबूत आहेत. आणि चूक पकडायची सवय तीस वर्षांच्या संसाराची आहे.”

“ते साखरेवरून कळलं,” डॉक्टर म्हणाले.

अशी बसले मी. त्यांच्यापुढे वहीच्या पानांचे मोठे मोठे फोटो, माझ्यापुढे कच्ची पानं. “जवस, स्वल्पविराम, दोन गाठोडी, पूर्णविराम...” थोड्या वेळानं झोप यायला लागली. पण तेवढ्यात तीन चुका पकडल्या!

तपासून झालेली जुनी पानं मला दिली. पाठकोरा कागद, किती छान. मोठ्या प्रोफेसरांची पंचावन्न पानांची प्रस्तावना अंड्यांच्या टोपलीत अंथरली. एक अंडं फुटलं नाही.

१४ मे, मंगळवार

नीट लिहिते. विसरायला नको.

दुपारी बसलो होतो. डॉक्टर वहीतल्या क्रमानं वाचतात. छापलेल्या पुस्तकात मात्र क्रम निराळा — आधी सगळी गाणी, आणि घरातल्या याद्या शेवटी परिशिष्टात, मुंगीएवढ्या अक्षरात. त्यामुळे डॉक्टरांचं एक पान उलटलं की मला दीडशे पानं उलटावी लागतात. शेवटी मी वैतागले. “बाईनं एका जागी लिहिलं, आणि तुम्ही दोन गावांत नेऊन ठेवलंत!”

“याद्या म्हणजे साहित्य नव्हे, सिन्योरा. प्रोफेसरांची पद्धत आहे.” आणि पुढचं वाचायला लागले — आपलं गाणं. टेकडीपल्याड गेलास राजा, स्वल्पविराम... वास विसरू नको, पूर्णविराम. मग न थांबता, त्याच सुरात, त्याच पानावरची यादी:

“पाठवलं, दोन बिंदू. पाळणा, एक. बाळोती, आठ. दुपटं, लोकरीचं, एक. उशी ठेवून घेतली. पोवळं, दोरीत ओवून, एक. दाईकडे, टेकडीपल्याड.”

माझी पेन्सिल थांबली.

“काय झालं? चूक सापडली?”

“पुन्हा वाचा. यादी. मग गाणं.”

त्यांनी वाचलं. आणि वाचता वाचता त्यांचाच आवाज हळू होत गेला. पाळणा. बाळोती. दाई. कुठला प्रियकर आठ बाळोती घेऊन जातो हो?

बीलियाबाईनं पोर दूध पाजणारीकडे दिलं होतं. तेव्हा मोठ्या घरांत तशी रीतच होती, दीड-दोन वर्षं दाईच्या घरी. ‘दुसरी’ सवत नव्हे, माउली नव्हे. दाई. आणि उशी का ठेवून घेतली? वासासाठी! त्याच्या डोक्याच्या वासासाठी. हे मला कुठल्या टिपेनं सांगायला नको.

डॉक्टर उठले, खिडकीशी गेले, परत आले. “बारा वर्षं मी हे गाणं पाठ म्हणतोय. आणि ही यादीही वाचलीय. पण यादी दोनशे बाविसाव्या पानावर, गाणं बहात्तराव्यावर. आणि मधे प्रोफेसर.”

मग म्हणाले, “पण परत आल्याची नोंद कुठेच नाही. या गाण्यानंतर नुसतं जवस, तेल, लोकर. मुलाचं नाव नाही.”

मी म्हटलं, “मग ते परत आलंच नसणार.”

“अर्धी मुलं येत नसत,” डॉक्टर म्हणाले.

चुलीवरचा घेवडा करपला.

१५ मे

आमचा पिएरीनो गेला तेव्हा अकरा महिन्यांचा होता. नंतर दोन मुली झाल्या, देवाच्या दयेनं दोघी सुखात आहेत. पण त्याचं टोपडं मी अजून धुतलेलं नाही. बीलियाबाई, मला कळलं तुझं.

१८ मे, शनिवार

डॉक्टरांना घेऊन फादरकडे गेले. यादी फादरनाच मोठ्यानं वाचायला लावली.

फादरनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, “प्रियकर नाही, हे पटलं. पण मग हे भजनही नाही, सिन्योरा. एका आईनं आपल्या पोरासाठी म्हटलेलं गाणं आहे.”

मी वेदीवरच्या चित्राकडे बोट केलं. “फादर, त्या पोराच्या गळ्यात काय आहे?”

“पोवळं.”

“आणि ती कोण?”

“... आई.”

“तिनंही शेवटी पोर दुसऱ्यांच्या हवालीच केलं ना? तिला नाही चालणार हे गाणं?”

फादरनी डोळे पुसले आणि लगेच नाक शिंकरलं, म्हणजे सर्दी वाटावी. परवानगी दिली! एकच अट — गाण्याचा कागद छापून वाटायचा आणि वर स्पष्ट मथळा द्यायचा. म्हणजे ज्याच्या हातात जुनं पुस्तक आहे, त्याच्या मनात भलतं यायला नको. मथळा मीच द्यायचा.

तिथल्या तिथे लिहून दिला — ‘न परतलेल्या बाळासाठी’.

२० मे

डॉक्टरांनी मोठ्या प्रोफेसरांना सगळं कळवलं होतं. आज उत्तर आलं. एकच ओळ: ‘तान्झीनी, आपण संपादक आहोत, सुइणी नव्हे.’

डॉक्टर पांढरे पडले. त्यांची नोकरी प्रोफेसरांच्या शब्दावर आहे, हे आज कळलं. जेवले अर्धंच. तिसरा चमचा साखर मी स्वतः घातली.

ओरेस्ते म्हणाला, “डॉक्टर, तुमच्या प्रोफेसरला कुणीतरी जन्माला घातलंच असेल ना? मग सुईण काय वाईट?”

२२ मे

डॉक्टरांनी ठरवलं! मथळा काढून टाकला. गाण्यावर नुसता आकडा — सतरा. आणि यादी परिशिष्टातून उचलून गाण्याच्या खाली, जशी वहीत आहे तशी. प्रस्तावना प्रोफेसरांची राहील, ती काढता येत नाही. पण खाली टीप डॉक्टरांची: मूल दाईकडेच दगावलं असावं, ही गोष्ट सिन्योरा एर्सिलिया नेन्चीनी यांनी लक्षात आणून दिली.

माझं नाव पुस्तकात! ओरेस्ते गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवून शेजाऱ्यांना सांगत सुटला.

२५ मे, शनिवार

सराव. सगळ्या बायका जमल्या. कागद वाटले, एकशेवीस छापून आलेत. मथळा बघूनच आर्जियाचा चेहरा पडला.

“म्हणजे मेलं पोर?”

“हो.”

“आणि मी मेली डोळे मिचकावत होते!”

मग जुनी चाल कुणाच्या तोंडून निघेना. मेलेल्या पोराच्या गाण्यावर टाळ्या कशा वाजवणार? आपोआपच चाल सावकाश झाली. मी पहिली ओळ उचलली तीच खालच्या सुरात. ‘वास विसरू नको’ येईपर्यंत निम्म्या बायका रडत होत्या. डॉक्टर मागे उभे होते. म्हणाले, आता शब्दांना शोभते. चाल मागाहूनची, हे मी म्हटलंच होतं.

ओरेस्ते दारातून डोकावला. “काय ग, कोण गेलं?”

३१ मे, शुक्रवार

गायलो!

मेणबत्त्या, गुलाबाच्या पाकळ्या, सगळं गाव. मी पुढे, आईच्या जागी. पहिली ओळ उचलताना वाटलं, जुनीच चाल निघते की काय. पण नाही, माउलीनं सांभाळलं. इतकं शांत हे गाणं गावात कधीच झालं नसेल. बायका रडल्या, पुरुष टोप्या हातात घेऊन उभे. पोरं एकदा टाळ्या वाजवायला गेली, त्यांना आयांनी दाबलं. फादरना ‘सर्दी’ झाली. ओरेस्तेसुद्धा! तो म्हणतो मेणबत्तीचा धूर.

सगळं मनासारखं झालं. घरी येऊन भाताचे गोड वडे तळले. डॉक्टरांनी नऊ खाल्ले. मनात पिएरीनोला म्हटलं, तुझंही गायलं हं आज.

टाळ्या दाबल्या तेवढंच जरा खटकलं. असो.

३ जून, सोमवार

आज गंमतच. जेवणं झाल्यावर मी वही उलटी करून मागच्या बाजूनं घरातलं टिपण लिहीत होते — धुवायला कुठली चादर दिली, कुठली आली. दिलेलं कधी पुढच्या बाजूला लिहिलं गेलं, तरी आलेलं मी मागेच लिहिते, म्हणजे गोंधळ होत नाही. डॉक्टर कॉफी पीत बघत होते.

“सिन्योरा, वही उलटी धरलीय तुम्ही.”

“उलटी नाही, ही मागची बाजू. पुढून मनातलं, मागून घरातलं. आईही असंच करायची. दोन वह्या कोण घेतं?” आणि सहज विचारलं, “बीलियाबाईनं नाही का केलं असं?”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. फार हळू ठेवला.

“वहीत मागे काही पानं आहेत,” म्हणाले. “उलट्या अक्षरातली. दप्तरखान्याच्या यादीत त्यांच्यापुढे लिहिलंय — ‘दुसऱ्या हातची, घरगुती, बिनमहत्त्वाची’. प्रोफेसरांनी त्यांचे फोटोच काढवले नाहीत.”

“आणि तुम्ही?”

“मी... यादीत लिहिलं होतं ना, सिन्योरा.”

दप्तरखाना उद्या बंद. परवा उघडेल. आज डॉक्टरांनी साखर घेतलीच नाही!

५ जून, बुधवार

डॉक्टर भर चौकातून टोपीशिवाय पळत आले. अक्षर तिचंच! पान उलटं धरून उतरवून आणलेलं इथे लिहून ठेवते —

‘आलं: पाळणा, एक, कड मोडकी. बाळोती, पाच. दुपटं नाही. पोवळं, गळ्यात. मुलगा, चालत. मला ओळखलं नाही. संध्याकाळपर्यंत दाराशी उभा. मग येऊन माझ्या बाहीला नाक लावलं.’

आणि त्याच्याखाली तेच गाणं, पुन्हा. शब्द न् शब्द तोच. वर मथळा नाही.

एकशेवीस कागद घरोघर जाऊन परत आणायचेत, माझा मथळा खोडायला. डॉक्टरांना टीप खोडायचीय. आर्जियाला सांगितलं, तर अंगणातूनच टाळ्या वाजवत गायला लागली — जुन्या चालीवर.